मिर्याम, मिरियम की मरियम: एका हिब्रू नावाचं स्पेलिंग आणि लाडाची रूपं ठरवताना

ठाण्यात हे एकच नाव तीन तऱ्हांनी ऐकू येतं. टेंभी नाक्याच्या बाजूला १८७९ साली उभं राहिलेलं शआर हाशमाईम सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर आहे. तिथे ते मिर्याम असतं. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये मेरी किंवा मारिया, आणि पारसिकचा डोंगर ओलांडून मुंब्र्यात उतरलं की मरियम. मूळ नाव एकच, बायबलातल्या मोशे आणि अहरोन यांच्या बहिणीचं. समुद्र ओलांडून आल्यावर हातात डफ घेऊन बायकांना नाचायला काढणारी ती हीच (निर्गम १५:२०).

घरात मुलगी झाली आणि हे नाव ठेवायचं ठरलं, की बहुतेक ठिकाणी क्रम उलटा होतो. आधी मोबाइलवर रोमन लिपीतलं एखादं स्पेलिंग आवडतं, ते अर्जावर चढतं आणि मराठी नाव कारकून किंवा संगणक आपल्या मनाने बनवतो. मग मुलीच्या जन्मदाखल्यावर मिरियम, आधारवर मीरियम आणि शाळेत मरियम. क्रम असा हवा: आधी उच्चार, मग नागरी, मग रोमन. लाडाचं नाव शेवटी, कारण ते तसंही कुणी ठरवून ठेवत नाही. पण ते काय होऊ शकतं, याचा अंदाज आधी घेतलेला बरा.

आधी उच्चार पक्का करा

हिब्रूत हे नाव चार अक्षरांचं आहे: मेम, रेश, योद, मेम. स्वर बहुतेक अक्षरांच्या खाली खुणांनी दाखवतात. पहिल्या मेमखाली हिरिक, म्हणजे ‘इ’. रेशखाली श्वा, आणि इथे तो मुका, म्हणजे र अर्धा. योदखाली कामात्स, म्हणजे ‘आ’. त्यामुळे उच्चाराचे ठोके दोनच, मिर् आणि याम्. व्याकरणाप्रमाणे जोर दुसऱ्यावर येतो. आजच्या इस्रायलमध्ये बोलताना तो पुष्कळदा पहिल्यावर सरकतो, आणि मराठी तोंडाला तेच सोपं जातं.

मग ‘मरियम’मध्ये ‘मि’ऐवजी ‘म’ कुठून आला? ही चूक नाही, उलट जुनी खूण आहे. हिब्रू पाठाला स्वरांच्या खुणा लागल्या त्या बऱ्याच उशिरा, इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात. त्याच्या कितीतरी आधी, इसवी सनापूर्वी, जे ग्रीक भाषांतर झालं त्यात हे नाव ‘मरियाम’ असं उतरलं आहे. सिरियाक आणि अरबीत तोच ‘म’ टिकला. कुराणातला १९ वा सुरा, ९८ आयतींचा, ‘मरियम’ याच नावाचा. ग्रीक-लॅटिनमधून शेवटचा म गळाला आणि मारिया झालं, मारियाचं फ्रेंचमध्ये मारी, इंग्रजीत मेरी. तेव्हा कुणी तुम्हाला ‘खरं नाव मिर्यामच, बाकी अपभ्रंश’ असं ठासून सांगितलं तर मान डोलवा आणि सोडून द्या. मिर्याम आणि मरियम दोन्ही आपापल्या जागी खरी आहेत. फक्त एका मुलीला एकच.

एक गोष्ट मात्र पाहून घ्या. घरात आधीच एक मेरी किंवा मारिया असेल, तर धाकटीचं मिर्याम म्हणजे दोघी बहिणींना एकच नाव ठेवल्यासारखं होतं.

अर्थ विचारणारे भेटतीलच, आणि बारशाच्या दिवशी हमखास. या नावाच्या अर्थावर एकमत नाही. ‘मर’ म्हणजे कडू आणि ‘याम’ म्हणजे समुद्र, असं फोडून कडू समुद्र. ‘मेरी’ या हिब्रू शब्दावरून बंडखोरी. मोशेचं कुटुंब मिसरातलं, म्हणून ‘प्रिय’ या अर्थाच्या मिसरी धातूवरून. आणि ‘हवीहवीशी झालेली मुलगी’ हाही अर्थ बरेच देतात. बारशाला शेवटचा सांगावा, वादाला जागा राहत नाही. ‘समुद्राचा तारा’ हा जो ख्रिस्ती परंपरेतला अर्थ आहे, त्याचा उगम मात्र स्पेलिंगच्याच घसरणीत असल्याचं मानतात. लॅटिनमध्ये आधी ‘स्तिला मारिस’, समुद्राचा थेंब, असं होतं. नकलकारांच्या हातून ‘स्तिला’चं ‘स्तेला’ झालं आणि थेंबाचा तारा झाला. एका अक्षराने काय होतं ते यात दिसतं, म्हणून पुढचा भाग जरा सावकाश वाचा.

नागरीत: दर्यातला र्या, दऱ्यांतला नव्हे

मराठीत अर्धा र दोन प्रकारे लिहितात आणि दोन्हींचे उच्चार वेगळे आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधल्या. ‘आचार्यांना’ बोलावलं तर गुरुजी येतात, ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर स्वयंपाकी. रफार असला की आघात मागच्या अक्षरावर येतो आणि ते जड होतं: दर्-या. ऱ्य असला की मागचं अक्षर हलकंच राहतं: द-ऱ्या.

हिब्रू उच्चार मिर्-याम असा तुटतो, म्हणून रफार बरोबर: मिर्याम. मराठी बायबलातही हेच रूप आहे. ‘मिऱ्याम’ लिहिलं की पहिला ठोका हरवतो आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे रत्नागिरीचं मिऱ्या बंदर येतं. लक्षात ठेवायला सोपं: हिब्रूत ‘याम’ म्हणजे समुद्र, आणि र्या दर्यातला.

टाइप करताना इन्स्क्रिप्ट कळफलकावर साधा र ‘जे’वर आणि नुक्त्याचा ऱ ‘शिफ्ट-जे’वर असतो. रफारासाठी साधा र, हलन्त, मग या. शिफ्ट दाबला गेला की ऱ्या झालंच. त्यातही एक छुपी खोच आहे. ऱ्या दोन रीतींनी साठवता येतो, एक नुक्त्याच्या ऱ ने आणि एक साध्या र च्या मागे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण शोधताना संगणक त्यांना वेगळे शब्द धरतो. यादीत नाव असतं आणि शोधल्यावर सापडत नाही. रफाराच्या रूपात ही भानगड नाही. रफार निवडायला हे दुसरं कारण.

‘मिरियम’ हे इंग्रजी उच्चाराचं नागरी रूप. तीन ठोके, शेवट आखूड. घरात सगळे तसंच म्हणणार असतील तर तेच लिहा, मिर्याम लिहून मिरियम म्हणण्यात अर्थ नाही. फक्त शेवटी ‘यम’ येतो याची जाणीव असू द्या. चौथीतल्या पोरांना रेडा आणि पाश सुचायला वेळ लागत नाही. ‘मरियम’मध्ये तर ‘मर’ही आला आणि ‘यम’ही. उर्दू-हिंदी कानाला त्यात काहीच खटकत नाही, मुंब्र्यात ते नाव देखणंच आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत घालायचं असेल तर आजीची कुरकुर आधीच ऐकून घ्यावी. ‘मिर्याम’मध्ये हा यम ‘याम’ होतो. याम म्हणजे संस्कृतात प्रहर, तीन तासांचा. तिथे कुणी चिडवत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचं काय? मि ऱ्हस्वच. ‘मीर्याम’ लिहिण्याचं काही कारण नाही, मूळ हिरिक आखूडच आहे. आणि ‘मिरयाम’ असं र पूर्ण ठेवून लिहू नका. मराठी वाचक तो र कधी पूर्ण वाचेल, कधी अर्धा. ‘करवत’ आणि ‘कर्वे’ यांतला फरक कागदावर दिसायला हवा तसाच हाही.

रोमन स्पेलिंग: कुठलं अक्षर काय करतं

एम-आय-आर-आय-ए-एम हे जगभर सर्वांत रुळलेलं. दक्षिण आफ्रिकेच्या गायिका मिरियम माकेबा यांचं नाव असंच लिहिलं जातं. विमानतळावर, परदेशी कॉलेजात, कुठेही ते पुन्हा सांगावं लागत नाही. बाधा एकच, मराठी किंवा इंग्रजी वाचणारा ते तीन ठोक्यांत मिरियम असंच वाचणार.

एम-आय-आर-वाय-ए-एम यात ‘वाय’मुळे य उघड दिसतो आणि आपल्याकडचा माणूस सरळ मिर्याम वाचतो. हिब्रू उच्चार राखायचा असेल तर आमच्या मते हेच घ्यावं. त्रास होतो तो वेगळ्या बाजूने. अर्ज भरून घेणाऱ्याला पहिलं रूप माहीत असतं आणि तो तुमचा वाय ‘दुरुस्त’ करून आय करतो. त्यामुळे पावती हातात पडली की तिसरं नाही, चौथं अक्षर तपासायचं.

एम-आय-आर-जे-ए-एम हे जर्मन, डच, फिनिश आणि स्लोव्हेनियन घरांतलं. तिकडे जे म्हणजे य. ठाण्यात मात्र हजेरी घेणारे गुरुजी ‘मिरजाम’ म्हणणार आणि वर्गाला मिरज आठवणार. जर्मनीत राहायला जाणार नसाल तर हे टाळा. एम-वाय-आर-आय-ए-एम फ्रेंच वळणाचं. इथे त्याचं मायरियम होतं.

‘म’चा वंश वेगळा. एम-ए-आर-वाय-ए-एम फारसी-अरबी मरियमसाठी, गणितज्ञ मरियम मिर्झाखानी यांच्या नावात हेच आहे, २०१४ साली फील्ड्स पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. एम-ए-आर-आय-ए-एम हेही त्याच उच्चाराचं, फक्त वायच्या जागी आय. तुर्कीत मेरियेम. पण पाहा, मिरियम आणि मरियमच्या आय-वाल्या स्पेलिंगांत फरक एका अक्षराचा, दुसऱ्या. मेम-रेशच्या जगात ती दोन रूपं एकाच नावाची असली, तरी परीक्षा मंडळाच्या आणि बँकेच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका आहेत.

‘आ’ लांब दिसावा म्हणून जादा ए घालणारे पुष्कळ आहेत, कधी उच्चारासाठी, कधी अंकशास्त्रवाल्याच्या सांगण्यावरून. उच्चाराला त्याने थोडी मदत होते हे खरं. पण आयुष्यभर प्रत्येक फोनवर ‘डबल ए’ सांगावं लागतं, आणि दहातला एक जण तरी तो विसरतो. अंकच बघायचे असतील तर या नावाचे अंक रोमनमध्ये नाहीतच. हिब्रू अक्षरांना स्वतःची किंमत असते: मेम ४०, रेश २००, योद १०, मेम ४०. बेरीज २९०. रोमन स्पेलिंग काहीही करा, ती बदलत नाही.

हाताने अर्ज भरताना मोठ्या लिपीतच लिहा. छोट्या लिपीत ‘आर’ आणि ‘आय’ शेजारी आले की घाईत त्यांचा ‘एन’ होतो आणि मिरियमची मीनम होते. टाइप करताना दुसरीच चूक होते, आय आणि ए यांची अदलाबदल. शेवट ‘आय-ए-एम’ आहे की ‘ए-आय-एम’, हे बोट ठेवून वाचावं, कारण डोळा ते आपोआप सुधारून घेतो. फोनवर सांगताना एम आणि एन हमखास गोंधळतात, तेव्हा गावांची नावं वापरा: मुंबईचा एम, इंदापूरचा आय, रत्नागिरीचा आर, यवतमाळचा वाय, अकोल्याचा ए, मुंबईचा एम.

कागदावर चढवताना

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण त्या नोंदीत बाळाचं नाव असलंच पाहिजे असं नाही. नाव नंतर घालता येतं: पहिल्या १२ महिन्यांत शुल्क न भरता, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणून दवाखान्यातून घरी जायच्या गडबडीत, आईला विश्रांती नाही, बाबा रांगेत, अशा वेळी स्पेलिंग ठरवू नका. जागा रिकामी ठेवा, बारसं होऊ द्या.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळा, पासपोर्ट वगैरे सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. म्हणजे पुढचा प्रत्येक कागद या दाखल्यावरून निघणार. महाराष्ट्रात दाखल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतं. महापालिकेच्या नोंदणी कक्षात जाताना एका कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहून न्या, वर नागरी, खाली रोमन मोठ्या लिपीत. ‘मिर्याम’ तोंडी सांगितलं तर समोरचा काय ऐकेल ते देव जाणे. छापील प्रत निघण्याआधी पडद्यावर नाव दाखवायला सांगा आणि तीन जागा बघा: रफार आहे का, मि ऱ्हस्व आहे का, रोमनमधलं चौथं अक्षर तुम्ही दिलेलंच आहे का.

१ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव राज्याच्या कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहितात. यातून या नावापुरती एक अडचण निघते. बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, घरांत आईचं नावही सारा, रिबका, एस्तेर असं असतं, ख्रिस्ती घरांत मुलीला दोन-दोन नावं असतात. मिर्याम रूथ असं जोडनाव ठेवलंत तर दुसरं नाव आईचं समजलं जाण्याचा संभव असतो. एक तर जोडनाव टाळा, किंवा पहिल्या रकान्यात दोन्ही शब्द आहेत हे दाखल्यावर डोळ्यांनी पाहा. मध्ये छोटी रेघ घालून जोडायचा मोह आवरा. पासपोर्टच्या खालच्या, यंत्राने वाचायच्या ओळीत ए ते झेड एवढीच अक्षरं चालतात, रेघ तिथे टिकत नाही आणि तिकिटावरचं नाव वेगळं दिसू लागतं.

आधार नोंदवताना माणूस रोमन टाइप करतो आणि मराठी ओळ यंत्र तयार करतं. ती ओळ बहुधा कुणी वाचत नाही. मीरियम, मिरिअम, काहीही निघू शकतं. तुमच्या बाजूचा पडदा त्यासाठीच असतो. मराठी ओळ तिथल्या तिथे हाताने सुधारून घ्या, कारण आधारवर नाव बदलायची मुभा आयुष्यात दोनदाच आहे. त्यातली एक बदलाची खेप रफारापायी खर्च होऊ नये.

चूक झालीच तर आधी ती कुठल्या जातीची ते ओळखा. रजिस्टरमध्ये बरोबर आणि छापील प्रतीत चूक, किंवा लिहिणाऱ्याचा हात घसरला, अशी असेल तर नोंदणी कक्षातच पुराव्यासह दुरुस्ती मागता येते. पण तुम्हीच मिरियम दिलं होतं आणि आता मिर्याम हवं आहे, तर ती दुरुस्ती नव्हे, नावबदल. त्याला राजपत्राचा रस्ता. दोन्ही कामं दहावीचा अर्ज भरायच्या आत उरका. एकदा गुणपत्रिका छापली की तिच्यामागे दाखला, तिच्यामागे कॉलेज, अशी माळच ओवली जाते.

लाडाची नावं, मराठी कानातून

जगभर या नावाची जितकी छोटी रूपं आहेत तितकी फार थोड्या नावांची असतील. पण ती ठाण्यातल्या गल्लीत कशी ऐकू येतात, हे नावांच्या यादीत कुठेच लिहिलेलं नसतं.

इस्रायलमध्ये सर्रास चालणारं लाडाचं रूप ‘मिरी’. हिब्रूत ते मेम, योद, रेश, योद असं लिहितात. आपल्याकडे मिरी म्हणजे जांभळी नाक्याच्या बाजारात शंभर ग्रॅमच्या पुडीत मिळते ती. हे वाईट नाही, उलट नाव पटकन लक्षात राहतं, आणि लहानखुऱ्या, तिखट पोरीला शोभतंही. पण मराठीत ईकारान्त लाडक्या नावाला हाक मारताना शेवट बदलतो. सुमीला ‘ए सुमे’, मंगीला ‘ए मंगे’, तशी मिरीला ‘ए मिरे’. म्हणजे हाक मारली की पुन्हा मसाल्याचा डबाच. हे ज्या घरात हसून चालेल तिथे मिरी खुशाल ठेवा.

‘मिरू’ सर्वांत निर्धोक. ऊकारान्त लाडकं रूप मराठीत प्रेमाचंच समजतात, हाक मारताना बदलत नाही आणि त्याला दुसरा अर्थ नाही. ‘मिमी’ही चालतं, लहान बहिणीला म्हणायला सोपं. ‘मीरा’ गोड आहे, इस्रायलमध्येही चालतं, पण ते इतकं आपलं आहे की खऱ्या नावाला गिळून टाकतं. शेजारी, रिक्षावाले काका, शिकवणीच्या बाई सगळे मीराच धरून चालतात आणि एक दिवस स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर मीरा छापून येते. मीरा ठेवायचं तर शाळेच्या उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नका.

यिडिशमध्ये ‘मिरेले’ आहे. ऐकायला छान, पण इथे त्यात पुन्हा मिरे.

मारिया-मेरीच्या बाजूने आलेली रूपं जपून घ्यावी लागतात. ‘मरी’ मराठीत मुळीच नको. मरी म्हणजे साथीचा रोग, आणि त्याच्याच नावाने मरीआईची देवळं गावोगाव आहेत. ‘मारी’ म्हटलं की टपरीवरचं बिस्किट. गंमत अशी की ते बिस्किट याच नावाचं: १८७४ साली रशियाच्या राजकन्येचं, मारियाचं, इंग्रज राजपुत्राशी लग्न झालं तेव्हा लंडनच्या पीक फ्रीन कंपनीने तिच्या नावाने काढलेलं. ‘मेरी’ला हिंदी ‘मेरी’ येऊन चिकटते, पण ठाणे-वसईत हे नाव इतकं जुनं आहे की कुणी वळूनही बघत नाही. ‘मॅरी’ मात्र लिहू नका, तो इंग्रजीत लग्न करण्याचा शब्द होतो.

रशियन ‘माशा’ कार्टूनमुळे पोरांना आवडतं. मराठीत ‘माशाचं कालवण’ आहे आणि खिडकीत ‘माश्या’ आहेत. चेंदणी कोळीवाड्यात तर विचारूच नका. पोलंडमधलं ‘मान्या’ हे मारी क्युरी यांचं घरचं नाव. मूळ नाव मारिया स्क्लोडोव्स्का. आपल्याकडे त्याचं सहज ‘मन्या’ होतं, आणि मन्या म्हणजे मनोहर किंवा तसाच कुणी टारगट मुलगा. इंग्रजीत मेरीची मॉली होते आणि मॉलीची यमकाने पॉली. र चा ल करायची ती त्यांची जुनी खोड आहे, साराची सॅली होते तशीच. मॉली चालेल, पॉली म्हटलं की तुपाची धार आठवते. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत ‘मारी’ला हाक मारताना म चा व होतो आणि ‘वारी’ असं नावच तयार झालं आहे. आषाढात जन्मलेल्या मुलीसाठी याहून चांगला योगायोग सापडणार नाही. डच ‘रिया’ही मारियाचंच, आणि ते इथे आधीच रुळलेलं. ‘मिया’ मात्र मियाँ होतं.

लाडाचं नाव कागदावर कुठेच घालू नका, ‘उर्फ’ लावूनसुद्धा नाही. उर्फ एकदा आलं की पुढचा प्रत्येक जण ते कुठल्या कागदावर आहे आणि कुठल्यावर नाही, हे विचारतो.

मोठी झाल्यावर नात्याचे शब्द जोडले जातात, तिथेही कान लावून बघा. मिर्यामताई सुरेख. मिर्यामबाई भारदस्त. ‘मिर्याममावशी’मध्ये दोन म एकमेकांवर आदळतात आणि भाचरं ‘मिर्यामावशी’ म्हणू लागतात. पत्रिकेत छापताना मध्ये जागा सोडा: मिर्याम मावशी. ‘आत्या’चंही तसंच, बोलण्यात मिर्यामात्या होणार. विभक्ती लावायला नाव सोपं आहे, मिर्यामला, मिर्यामचा, मिर्यामने. पूनमसारखंच.

हिब्रूत छापताना किंवा कोरताना

दारावरची पाटी, लग्नपत्रिका, लॉकेट, पुढे कधी स्मृतिशिळा. इथे चूक झाली तर खोडता येत नाही, आणि बनवणाऱ्याला लिपी येत नसते, त्यामुळे त्याला ती दिसतही नाही.

या नावात मेम दोनदा येतो आणि दोन्ही वेळा वेगळा दिसतो. सुरुवातीचा मेम खाली डाव्या कोपऱ्यात उघडा असतो. शब्दाच्या शेवटी येणारा मेम बंद, जवळजवळ चौकोनी डब्यासारखा. हिब्रू उजवीकडून डावीकडे चालते, म्हणून नाव बरोबर असेल तर बंद चौकोन सर्वांत डावीकडे असलाच पाहिजे. छापखान्यातलं जुनं सॉफ्टवेअर अक्षरं उलटी लावतं, मग चौकोन उजवीकडे जातो. लिपी न येणाऱ्यालाही ही एक खूण पुरते: डबा डावीकडे.

दुसरी चूक बारीक असते. सामेख नावाचं अक्षर बंद मेमसारखंच दिसतं, फक्त त्याचा तळ गोल असतो. चित्र बघून अक्षर काढणारा कारागीर कोपरे गोल करतो आणि मेमचा सामेख होतो, नाव ‘मिर्यास’ वाचलं जातं. खालचे दोन्ही कोपरे टोकदार हवेत, असं त्याला आधीच सांगा. योद हे सर्वांत छोटं अक्षर, ओळीच्या वरच्या अंगाला लटकणारं. ते मोठं करून खाली आणलं तर ‘वाव’ होतं. लॉकेटवर जागा कमी म्हणून नेमकं हेच घडतं, तेव्हा अक्षरांची उंची आठ मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. स्वरांच्या खुणा कोरण्याची गरज नाही, आणि लहान आकारात त्या ओरखड्यांसारख्या दिसतात.

विवाहाच्या करारात, केतुबात, नाव ‘मिर्याम बत’ आणि पुढे वडिलांचं हिब्रू नाव असं येतं. बत म्हणजे मुलगी. आजारी माणसासाठी प्रार्थना करताना मात्र बतच्या पुढे आईचं नाव घेतात. दोन्ही नावं हिब्रू अक्षरांत एका कागदावर लिहून घरच्या फाइलमध्ये ठेवा. वडिलांना घरात समाजी म्हणत असतील तर हिब्रूत ते शमुएल असतात, आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हे शोधत बसायची वेळ येऊ नये.

कारागिराला फोटो पाठवू नका, रेषाकृती केलेली फाइल द्या. अक्षरं आकृतीत बदलली की सॉफ्टवेअरला ती उलटवता येत नाहीत. आणि कोरण्याआधी त्याच मापाचा एक कागदी नमुना मागून घ्या, हातात धरा, डबा डावीकडे आहे ना ते बघा आणि मागच्या बाजूला सही करून द्या.